एकोणीस थेंब

आधीच सांगते, मी रागीट आहे. फैजपुरात सत्तावीस वर्षं खानावळ चालवते आणि गावात कुणालाही विचारा, हेमलता नारखेडेच्या तोंडी कुणी लागत नाही. त्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, ते काही भीतीनं नाही. वकीलबाईंनी हात जोडले, म्हणाल्या, "हेमाताई, केस चालू आहे, नाव तेवढं लिहू नका." म्हणून गप्प. बाकी सगळं लिहिणार आहे, कारण आमच्यासारख्या कितीतरी घरांत ती पेटी आजही भिंतीवर लटकते आहे.

माझी नात चार्वी, वय वर्षं आठ. तिसऱ्या वर्षापासून तिला फिटा येतात. एखाददुसरी नाही, दिवसाला सहा-सात. खेळता खेळता धाडकन पडायची. दोनदा कपाळ फुटलं, एकदा पुढचा दात गेला. माझा मुलगा भूषण मस्कतला असतो, वर्षातून एकदा येतो. त्यामुळे घरात आम्ही तिघी: मी, चार्वी आणि तिची आई श्रुतिका, म्हणजे माझी सून. पोरीला आंघोळ घालताना, शाळेत नेताना, जेवताना श्रुतिकाचा एक हात कायम तिच्या पाठीमागे. पाच वर्षांत तो हात खाली आलेला मी पाहिला नाही.

दोन वर्षांपूर्वी जळगावच्या डॉ. फिरक्यांनी तिला सीबीडी सुरू केलं. भांगेच्या जातीच्या झाडापासून काढतात हे कळल्यावर गल्लीत झालं सुरू, हेमाताई नातीला भांग पाजते म्हणून. मी डॉक्टरांसमोर जाऊन बसले. म्हटलं, "साहेब, मला समजेल असं सांगा, नाहीतर बाटली गटारात ओतते."

माणूस शांत. म्हणाले, "त्या झाडात शंभरावर द्रव्यं असतात. नशा चढते ती टीएचसीनं. सीबीडी वेगळं, त्यानं नशा येत नाही. आपल्या शरीरातसुद्धा त्याच धर्तीची द्रव्यं रोज तयार होतात. त्यातल्या एकाचं नावच आनंदामाइड ठेवलंय, आपल्या आनंदावरून. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. तो फार जोरात जायला लागला की ही द्रव्यं म्हणतात, पुरे आता. चार्वीच्या मेंदूत हजारो पेशी एकदम ओरडायला लागतात, तीच फिट. सीबीडी तो आरडाओरडा कमी करतं. नेमकं कुठल्या कुठल्या वाटेनं, ते अजून पूर्ण कळलेलं नाही, पण करतं."

"मग जुनी गोळी बंद?"

"नाही, ती क्लोबाझाम चालूच ठेवायची. पण इथेच सांभाळायचं आहे. दोन्ही औषधांचा निचरा लिव्हर करतं. तुमच्याकडे भांडी घासायला किती बाया?"

"एकच."

"तिच्यापुढे एकदम दोन पंगतींची भांडी आली तर?"

"एका पंगतीची तशीच पडून राहणार."

"तसंच होतं. सीबीडी जास्त झालं की त्या गोळीचा अंश अंगात साचतो. मूल सुस्तावतं, झोपून राहतं आणि फारच झालं तर उठत नाही. म्हणून थेंब मोजून."

हे मला पटलं. बाटली गटारात गेली नाही.

थेंब मोजायला कंपनीची पेटी आली. नाव 'निवांत'. दर रविवारी सकाळी चार्वीनं तिच्यात बोट घालायचं. पेटी रक्ताचा थेंब घ्यायची, तपासायची आणि आठवडाभराचा डोस ठरवायची. सकाळ-संध्याकाळ तेवढे थेंब चमच्यात पाडायची. पडद्यावर फक्त आकडा. तो का वाढला, का घटला, काही नाही. बाटल्या ड्रोननं नगरपालिकेच्या गच्चीवर यायच्या. सोबत एक सीलबंद जादा बाटली, लाईट गेली तर हातानं द्यायला. आणि खोटं कशाला बोलू, महिनाभरात फिटा दिवसाला सहावरून आठवड्याला एकावर आल्या. चार्वी सायकल शिकली. मी त्या पेटीला हळदीकुंकू वाहिलं होतं.

आता माझा पराक्रम ऐका.

आमच्याकडे चातुर्मासात एखादा आवडता पदार्थ सोडतात, देवापुढे बोलून. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. आषाढात मी म्हटलं, ती उरलेली एक फिटही जाऊ दे, चार्वीचं तूप सोडू. पोरीचा जीव तुपात. श्रुतिका म्हणाली, "आई, वाढतं वय आहे तिचं. तुम्ही सोडा ना तूप, तिचं कशाला?"

मी ऐकते होय! "ज्याच्यासाठी मागायचं त्यानंच सोडायचं असतं," म्हटलं आणि विषय संपवला. नुसतं तूपच नाही, नेम कडक असावा म्हणून मी तिच्या जेवणातलं तेलही काढलं. बिनफोडणीचं वरण, भाकरी, उकडलेली भाजी. पोरीनं चार महिने निमूट खाल्लं.

कार्तिकी एकादशी झाली, द्वादशीला नेम सोडला. नेम सोडायचा तर आमच्या खानदेशात वरण-बट्टी हवी. जाड दळलेल्या कणकेचे गोळे उकडायचे, कापायचे, तुपात तळायचे आणि ताटात कुस्करून वर पुन्हा तूप ओतायचं. मी पळीनं ओतलं. द्वादशी सोमवारी होती. तिथपासून गुरुवारच्या पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं, रोज कुणाकडे तरी जेवण, नाहीतर आमच्याच घरी. पेटीतले थेंब घेतले की चार्वी लगेच ताटावर बसायची.

मंगळवारी ती शाळेतून येऊन झोपली. बुधवारी वर्गातच झोपली. श्रुतिकानं पेटीवरचं मदतीचं बटण दाबलं. पेटी गोड आवाजात म्हणाली, "हलकी सुस्ती सामान्य आहे. काळजी करू नका." मी म्हटलं, "चार महिन्यांनी पोटभर जेवतेय, झोप येणारच." गुरुवारी तिनं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच उत्तर. शुक्रवारी सकाळी चार्वी उठलीच नाही. गाल थोपटले, पाणी मारलं, हाका मारून मारून माझा घसा बसला. श्वास इतका मंद की श्रुतिका तिच्या नाकाशी बोट धरूनच ॲम्ब्युलन्सपर्यंत गेली.

जळगावला तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. रक्तात सीबीडी नेहमीच्या पाचपट निघालं, आणि त्या गोळीचा अंश साचलेला. दुपारपर्यंत कंपनीचा अहवाल हजर. पेटीनं ठरलेलेच थेंब दिले आहेत. सबब जादा औषध हातानं दिलं गेलं. पोलिसांनी घरातून घेतलेल्या जादा बाटलीचं सील फुटलेलं असून ती निम्मी रिकामी आहे. आणि शेवटचं वाक्य: "दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या मातांकडून थकव्यापोटी असे प्रकार घडल्याचे आढळते."

वाचलंत? ज्यांनी हे लिहिलं त्यांनी श्रुतिकाचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

"आई, वादळात दोन दिवस लाईट नव्हती, तेव्हा वापरली ती बाटली," श्रुतिका म्हणाली.

तिथे नर्स होती, पोलीस होता, दोन अनोळखी बायका होत्या. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "तूच दिलंस. जरा झोप मिळावी म्हणून दिलंस ना?"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग भूषणचा फोन आला, मी त्याच्या कानात जे ओतलं तेच त्यानं तिला विचारलं. तिनं फोन माझ्या हातात दिला.

वादळात लाईट खरंच गेली होती. ते दोन दिवस मी स्वतः मेणबत्त्या लावून गिऱ्हाइकांना जेवायला वाढलं होतं. मला आठवायला हवं होतं. पण कागद छापील होता, त्यावर शिक्का होता आणि समोर सून होती. लिहिताना लाज वाटते मला, पण लिहिते.

सहाव्या दिवशी चार्वी शुद्धीवर आली. घरी मात्र आली नाही. मुलांच्या सुरक्षेसाठी जिल्ह्यात नवं मंडळ नेमलंय, त्यांनी तिला निगा केंद्रात ठेवलं. आईला भेट आठवड्यातून एक तास, तीही केंद्रातली बाई समोर बसलेली असताना. सुनावणी दोन महिन्यांनी. निकाल विरुद्ध गेला तर पोर श्रुतिकाला परत मिळणार नव्हती. श्रुतिका सावद्याला माहेरी निघून गेली. जाताना माझ्या पाया पडली नाही, आणि बरंच केलं.

घरात उरले मी आणि ती पेटी. राग काढायचा कुणावर? भिंतीवरचं कॅलेंडर ओढून काढलं. श्रुतिका त्यात रोजच्या चौकोनात पेटीचा आकडा लिहायची, तिचं अक्षरही डोळ्यासमोर नको झालं होतं. फाडायला घेतलं आणि नजर आकड्यांवर गेली. आषाढात सहा. पुढच्या रविवारी सात. श्रावणात दहा. भाद्रपदात तेरा, आश्विनात सोळा. कार्तिकात एकोणीस. अगं बाई! चार महिन्यांत सहाचे एकोणीस थेंब झाले आणि पेटीनं हूं की चूं केलं नव्हतं. पडद्यावर आकडा यायचा, श्रुतिका लिहायची, चार्वी चमचा चाटायची.

आणि आकडा चढायला कधी लागला? चातुर्मास लागला त्याच आठवड्यात.

मी काही शिकलेली नाही, पण स्वयंपाक मला कळतो. हळद पाण्यात टाका, तळाशी जाऊन बसते. तेलात टाका, लगेच रंग सोडते. काही जिनसा तेलातुपाशिवाय सुटतच नाहीत. तूप बंद झालं म्हणून औषध पोरीच्या अंगी लागेना. पेटीला वाटलं कमी पडतंय, तिनं वाढवलं. तरी लागेना, आणखी वाढवलं. आणि त्या वाढवून ठेवलेल्या एकोणीस थेंबांवर मी चार दिवस पळीपळीनं तूप ओतलं. रविवार यायच्या आधीच पोर गार पडली.

तशीच एसटी पकडून जळगाव गाठलं. फिरके साहेबांनी कॅलेंडर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बरोबर आहे तुमचं. रिकामं पोट आणि तुपकट जेवण यात सीबीडी चार-पाचपट फरकानं रक्तात शिरतं. हा काही नवा शोध नाही, पेटीसोबतच्या पुस्तिकेतही आहे."

पुस्तिका इंग्रजीत, चौसष्ट पानांची. त्यांनी ते पान काढून मला मराठीत वाचून दाखवलं. जास्त स्निग्ध आहार टाळावा, उदाहरणार्थ बेकन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, आणि चीज.

"साहेब, फैजपुरात बेकन कोण खातं हो? आमचं अर्धं वर्ष उपासात जातं आणि अर्धं सणात. पेटी भिंतीवर ठोकताना कुणी विचारलं, ताई, तुमच्याकडे काय खातात, कधी खातात, काय सोडतात?"

"नाही विचारलं," ते म्हणाले. मग पुस्तिका मिटून म्हणाले, "मीही नाही विचारलं."

त्या माणसावरचा माझा राग तिथे संपला. त्यांनी कंपनीकडे पेटीची सगळी नोंद मागितली. उत्तर आलं, माहिती गोपनीय आहे.

"मग माझ्यावर करून बघा," मी म्हटलं.

"हेमाताई, तुम्ही काय प्रयोगातला उंदीर आहात?"

"उंदराला बट्टी कोण करून घालणार?"

ते हसले नाहीत. हॉस्पिटलच्या समितीची लेखी परवानगी काढली, माझी तपासणी केली, सह्या घेतल्या. पहिल्या गुरुवारी बिनतेलाची भाकरी, बिनफोडणीचं वरण आणि एकोणीस थेंब. दर तासाला रक्त, आठ वेळा. पुढच्या गुरुवारी तेवढेच थेंब, पण सोबत दोन बट्ट्या आणि पळीभर तूप. हात सुयांनी काळानिळा झाला. चार दिवसांनी नाशिकच्या लॅबचा रिपोर्ट आला. दुसऱ्या गुरुवारी माझ्या रक्तात साडेचारपट सीबीडी होतं.

तो कागद घेऊन मी सुनावणीला गेले. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. श्रुतिका भिंतीकडच्या खुर्चीत, माझ्याकडे न बघता. कंपनीचा माणूस पुण्याहून आलेला, सरवटे नावाचा, गुळगुळीत दाढी, तसंच बोलणं. त्यानं रिपोर्ट वाचला आणि काय सांगू, त्याचा चेहरा उजळला!

"मॅडम, हे तर आमच्याच बाजूचं आहे," तो अध्यक्ष बाईंना म्हणाला. "यंत्रात दोष नाही, हे सिद्ध झालं. आजींच्या अंधश्रद्धेमुळे हे घडलं. आम्ही अहवाल दुरुस्त करून देतो. आईच्या जागी आजी लिहू, आणि आजींनी काही काळ वेगळं राहावं अशी सूचनाही."

म्हणजे एक बाई पुसायची आणि तिथे दुसरी बाई लिहायची! कंपनी आपली तशीच स्वच्छ. माझं टाळकं सणकलं. मी उठून उभी राहिले.

"लिही की! माझं नाव लिही, पूर्ण लिही. हेमलता मुरलीधर नारखेडे. तूप मी सोडायला लावलं आणि मीच ओतलं. श्रुतिका नको म्हणत होती, मी तिचं ऐकलं नाही. ती बाटली वादळातच उघडली, लाईट नव्हती हे मला माहीत होतं, तरी मी तिला खोटी पाडली. हे सगळं माझं. पण सहाचे एकोणीस मी केले का? त्या पेटीला हात लावायची मला मुभा होती का? चार महिने दर रविवारी आकडा चढतोय आणि तुमच्याकडे फोन उचलून विचारायला एक माणूस नाही, की बाई, तुमच्या घरात काय बदललं? पोर झोपून राहते म्हणून आईनं दोनदा बटण दाबलं, तर म्हणे काळजी करू नका!"

"आजी, आपण भावनेच्या भरात—"

"मी तुझी आजी नाही."

अध्यक्ष बाईंनी मला बसायला सांगितलं. मग सरवटेला विचारलं, "चातुर्मासात दुसऱ्या घरांतही आकडे चढले का?"

"ती माहिती गोपनीय आहे, मॅडम."

"चढले की नाही, एवढंच विचारतेय."

त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. "हंगामी चढउतार दिसतो. गेल्या वर्षीही दिसला होता."

"किती घरांत?"

"या जिल्ह्यात... चारशेच्या आसपास."

"आणि कार्तिकानंतर किती मुलं दवाखान्यात गेली?"

तो पडदा खालीवर सरकवायला लागला. मला त्या अहवालातलं शेवटचं वाक्य आठवलं. "बाई, यांनी लिहिलंय की असे प्रकार घडल्याचे आढळते," मी बसल्या जागेवरून ओरडले. "ते प्रकार म्हणजे हेच! गेल्या वर्षीही यांनी आयांच्याच नावावर खपवलं. यांना ठाऊक होतं!"

सरवटेनं लॅपटॉप मिटला. वकिलाशिवाय पुढे बोलणार नाही म्हणाला.

मंडळानं पेटीची सगळी नोंद उघडी करायचा हुकूम दिला. कंपनी त्याविरुद्ध वरच्या कोर्टात गेली आहे, तीच ही केस. श्रुतिकावरचा आरोप तिथल्या तिथे रद्द झाला. चार्वी आईच्या ताब्यात. शेवटी अध्यक्ष बाई म्हणाल्या, "आजींनी काही काळ वेगळं राहावं अशी कंपनीची सूचना आहे. मला ती मान्य करायची गरज वाटत नाही. श्रुतिका, तुमचं काय म्हणणं?"

मला वाटलं, गरज नाही म्हणेल. खरंच वाटलं मला.

श्रुतिका उभी राहिली. "राहू दे त्यांना वेगळं," ती म्हणाली. "तुपासाठी नाही. तुपाचं त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण पाच वर्षं त्या मला रोज बघत होत्या. तरी एका कागदावरून..." ती खाली बसली.

कंपनीशी मी भांडू शकते, मरेपर्यंत भांडेन. पण श्रुतिकाचं म्हणणं खरं होतं. मान खाली घालून बाहेर आले.

आता मी खानावळीच्या वरच्या खोलीत राहते. त्या दोघी घरी असतात. फिरके साहेबांनी डोस पुन्हा सहा थेंबांवर आणलाय आणि जेवण ठरवून दिलंय: दर जेवणाला बारा ग्रॅम तूप, सणाला तेवढंच, उपासाला तेवढंच. श्रुतिका आता नोकरीला लागली आहे, तिला स्वयंपाकाला वेळ नसतो. डबा पाठवायचा निरोप तिनं शेजारणीकडून धाडला. तूप वेगळ्या वाटीत, झाकणावर वजन लिहून. मी सोनाराकडचा असतो तसला काटा घेतला. रोज तोलते, लिहिते, पाठवते. ती घरी पुन्हा तोलते, हेही मला ठाऊक आहे. तोलावंच तिनं. सात महिने झाले, चार्वी परत सायकलवर बसते आणि श्रुतिकानं मला एकदाही फोन केला नव्हता.

परवा दुपारी केला. मी पोळ्या लाटत होते, हात तसेच पिठाचे.

"आई, झाकणावर आज काही लिहिलेलं नाही. आणि माझा काटा बंद पडलाय. ती थेंब घेऊन ताटावर बसलीये."

गडबडीत लिहायचं राहिलं होतं. "बारा," मी म्हटलं. "तोललंय मी. लिहायचं तेवढं राहिलं."

मागून चार्वीचा आवाज येत होता, भूक लागली म्हणून.

"नक्की बारा?"

"नक्की."

मग ती फोन बाजूला धरून चार्वीला म्हणाली, "जेव गं." आणि वाटी ताटात उपडी केल्याचा आवाज मला इथे ऐकू आला.

हॉस्पिटलात त्या दिवशी ती माझ्याकडे एवढंच मागत होती. मी दिलं नव्हतं.